रानपिंगळ्याचा दाखला

सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याच्या परिसरातील विरळ रानात, २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या तीन अमेरिकन पक्षिनिरीक्षकांना एक लहानसे, मोठ्या डोक्याचे घुबड दिसले, आणि ज्या रानपिंगळ्याची आशा बहुतेक जाणकारांनी सोडून दिली होती, तो एकशे तेरा वर्षांनंतर पुन्हा हयात पक्ष्यांच्या दप्तरी दाखल झाला. त्यांच्या हाती बंदुका नव्हत्या, कॅमेरे होते. पक्ष्याची छायाचित्रे व चलच्चित्रे घेतली गेली आणि तेवढा पुरावा जगाला पुरला. वन्य पशुपक्ष्यांच्या छायाचित्रणाचा छंद आज महाराष्ट्रात गावोगावी रुजत असताना या एका पाखराची हकिकत सविस्तर सांगावीशी वाटते. कारण खरी नोंद शतकानंतरही कशी वाट दाखवते आणि खोटी नोंद जाणत्यांचीही किती काळ दिशाभूल करते, हे दोन्ही या एकाच हकिकतीत सापडते.

हिचा प्रारंभ १८७२ सालचा. त्या वर्षाच्या अखेरीस, आज छत्तीसगडात मोडणाऱ्या फुलझरच्या मुलखात, एफ. आर. ब्लेविट या इंग्रज गृहस्थाने एक पिंगळा मारून त्याचे कातडे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांजकडे धाडले. पुढे राष्ट्रसभेच्या स्थापनेमुळे सर्वश्रुत झालेले हे ह्यूमसाहेब त्या काळी हिंदुस्थानातील पक्षिविद्येचे अग्रणी होते. त्यांनी हा पक्षी विज्ञानाला नवा असल्याचे ओळखून १८७३ साली त्याला ब्लेविटचेच नाव दिले. त्यानंतर खानदेशात मुलकी अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशातून आणखी काही नमुने मिळवले, आणि १८८४ नंतर मात्र हा पक्षी जणू दिसेनासाच झाला. साऱ्या जगातील संग्रहालये धुंडाळली तरी त्याचे नमुने अवघे सात!

त्या काळी पक्षी मारून त्याचे कातडे कापसाने भरल्यावाचून त्याच्या अस्तित्वाचा पुरावा ग्राह्य धरला जात नसे, आणि त्या नमुन्याचे खरे मोल त्याच्या पायाला दोऱ्याने बांधलेल्या इवल्याशा चिठ्ठीत असे. पक्षी कोठे मिळाला, कोणत्या तारखेला, नर की मादी, मिळवणारा कोण, एवढाच मजकूर तिच्यावर असतो; परंतु ती चिठ्ठी गळून पडली की उरते ते केवळ पिसांचे गाठोडे, आणि तिच्यावरचा मजकूर बनावट असला तर त्या गाठोड्याहूनही अनर्थकारक असे काही उरते. नेमके तेच येथे घडले होते. कर्नल रिचर्ड माइनर्टझहागन या नामांकित पक्षिसंग्राहकाने १९१४ साली आपण गुजरातेतील मांडवी येथे रानपिंगळा मिळवल्याचे नमूद केले होते, आणि १८८४ नंतरची ती एकमेव नोंद असल्याने शोध घेणाऱ्यांनी तिच्यावर भिस्त ठेवणे स्वाभाविक होते. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या अधिकारी पुरुषांनाही हा पक्षी गवसला नाही.

दक्षिण आशियातील पक्ष्यांवरील ग्रंथाच्या निमित्ताने संग्रहालयांतील कातडी तपासताना रासमुसेनबाईंना माइनर्टझहागनच्या अनेक नमुन्यांचा संशय येऊ लागला. रानपिंगळ्याच्या त्या नमुन्याचे क्ष-किरणचित्र घेतले, कातडे भरण्याची पद्धत न्याहाळली, तेव्हा त्यावर दुसऱ्याच हाताच्या खुणा स्पष्ट झाल्या: तो नमुना डेव्हिडसननेच खानदेशात मिळवलेला होता, कर्नलने तो ब्रिटिश संग्रहालयातून लांबवून, पुन्हा नव्याने भरून, खोट्या चिठ्ठीसह आपला म्हणून मिरवला होता. मांडवीचा दाखला असा रद्दबातल ठरल्यावर शोधाचा रोख आपोआप जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांकडे वळला. आधी पूर्वेकडील स्थळे पाहून झाली, तेथे निराशा पदरी पडली, आणि अखेर डेव्हिडसनच्या खानदेशाने हात दिला. माझ्या मते त्या सकाळच्या यशात त्या तिघांच्या दृष्टीइतकाच, शतकाहून अधिक काळापूर्वी खरे ठिकाण आणि खरी तारीख लिहिणाऱ्या त्या अधिकाऱ्याचाही वाटा आहे.

आता पक्षी ओळखायचा कसा? आपल्या वाड्यांच्या वळचणीला, आंब्याच्या ढोलीत राहणारा साधा पिंगळा सर्वांच्या परिचयाचा आहे. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळा जोश्याला ज्याची भाषा कळते अशी आपली लोकसमजूत, तो हाच. त्याच्या माथ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाट पखरण असते आणि पोटावरही तपकिरी खुणा असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा, छाती सलग गडद तपकिरी, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, पंख व शेपटी यांवर ठसठशीत पांढरे पट्टे, आणि चोच व पाय अंगाच्या मानाने भक्कम. म्हणूनच चित्र घेणाऱ्याने केवळ डोळ्यांतल्या पिवळ्या तेजावर भुलून जाऊ नये. माथा, छाती, पोट आणि शेपटी ही चारही अंगे स्पष्ट येतील अशी चित्रे घ्यावीत, मग ती दिसायला कितीही साधी असोत. पाठमोरे, धूसर, पण शेपटीचे पट्टे दाखवणारे चित्र अभ्यासकाला सुंदर चेहऱ्याच्या चित्राहून अधिक उपयोगी पडते.

पुनर्शोधानंतर तोरणमाळच्या रानात झालेल्या अभ्यासातून या पक्ष्याची दिनचर्या हळूहळू उलगडत गेली. घुबड असूनही तो दिवसा वावरतो. सागाच्या विरळ रानात उघड्या फांदीवर बसून शेपटी आजूबाजूस झटकत तो सरडे, सापसुरळ्या, उंदीर, नाकतोडे हेरतो, आणि मादी ढोलीत अंडी उबवीत असताना तिच्या भक्ष्याची तरतूद नर करतो. मेळघाटात त्याची चांगली वस्ती आढळली, यावलच्या रानात आणि मध्य प्रदेशातही तो मिळाला, आणि २०१४ साली तर मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यात त्याचे दर्शन घडले. या नव्या नोंदींमुळेच २०१८ साली आंतरराष्ट्रीय यादीत त्याची गणना ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून ‘संकटग्रस्त’ या वर्गात करण्यात आली. जंगलतोड, रानावरील अतिक्रमण आणि घुबडाविषयीच्या अंधश्रद्धा ही संकटे अर्थातच कायम आहेत.

त्यांत छायाचित्रकारांच्या हव्यासाची भर पडू नये, याची मला मनापासून चिंता वाटते. पक्ष्याला पुढे आणण्यासाठी त्याच्याच जातीचा ध्वनिमुद्रित आवाज पुन्हापुन्हा वाजवला जातो. तो ऐकून आपल्या मुलखात परका शिरला या समजुतीने नर शिकार टाकून प्रतिकाराला धावतो, आणि तेवढा वेळ ढोलीतील मादी व पिले उपाशी राहतात. घरट्यासमोरची फांदी छाटली की चित्र स्वच्छ येते, पण ढोली शत्रूच्या दृष्टीस उघडी पडते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या संज्ञेत पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे हेही समाविष्ट आहे, ही गोष्ट महागडी दुर्बिणभिंगे बाळगणाऱ्या कितीतरी सद्गृहस्थांना ठाऊक नसते.

आजच्या कॅमेऱ्यात चित्राबरोबर तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते. तेव्हा रानात जाण्यापूर्वी कॅमेऱ्याचे घड्याळ बिनचूक लावावे, ती नोंद पुढे पुसू नये, आणि गाव, झाड, पक्ष्याचे वर्तन हा तपशील त्याच दिवशी वहीत लिहून काढावा. घरट्याचे ठिकाण मात्र वनखाते आणि अभ्यासक यांखेरीज कोणालाही सांगू नये, एवढी माझी प्रत्येक छायाचित्रकाराला कळकळीची विनंती आहे.