हात दिला, पण सोडवायचा कसा?

अपघात झाला तर मदत करावी का, या विषयावर आपल्या मासिकात दर दोन-तीन वर्षांनी एक तरी लेख येतोच. "अवश्य करा" हे त्याचं उत्तर आपल्याला पाठ आहे. पण मदत केल्यानंतर पुढे काय होतं, त्यावर कोणी लिहीत नाही. ज्याला आपण वाचवलं तो माणूस आपल्याला धन्यवाद देऊन आपल्या वाटेने गेला, असं आपण गृहीत धरतो. बहुतेक वेळा तसंच होतं. पण कधीकधी तो जात नाही. त्याची कृतज्ञता वाढत जाते आणि एक दिवस ती कृतज्ञता राहत नाही. तुमच्याशिवाय त्याला घास गिळवत नाही, झोप लागत नाही. हे का होतं आणि अशा वेळी काय करावं, हा या लेखाचा विषय. सिलॅबसमध्ये नाही, पण आयुष्यात येऊ शकतो.

तळवड्यातच का?

मी तळवड्यात रूम घेऊन राहतो. एका बाजूला सॉफ्टवेअर पार्क, दुसऱ्या बाजूला छोटी-मोठी वर्कशॉप, मधून कंटेनरने भरलेला देहू-आळंदी रस्ता. रुपीनगर, त्रिवेणीनगर, चिखली या भागांत एकेका खोलीत चार-पाच कामगार राहतात. कोणी नांदेडचा, कोणी बीडचा, कोणी थेट बिहारचा. फर्स्ट शिफ्टवाला उठतो तेव्हा थर्ड शिफ्टवाला झोपायला येतो. एकाच खोलीत राहूनही महिनोन् महिने नीट बोलणं होत नाही.

अशा माणसाला अपघात झाला की हॉस्पिटलच्या काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "नातेवाईक कोण?" आणि उचलून आणणारा पोरगा फॉर्मवर सही करतो. सहीपुरता तो नातेवाईक होतो. पण बेडवरच्या माणसासाठी ते नुसतं सहीपुरतं राहत नाही.

माझ्या रूममेटच्या बाबतीत हेच घडलं. पावसाळ्यात रात्री रस्त्यावर पडलेल्या एका टर्नरला त्याने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पाय मोडला होता. हा माणूस सव्वीस-सत्तावीसचा, म्हणजे आमच्यापेक्षा मोठा, म्हणून आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. तो मात्र माझ्या मित्राला "दादा" म्हणायचा. पहिला आठवडा छान गेला. मग दिवसाला दहा फोन, मग तीस. "दादा, जेवलात का?" "दादा, आज येणार ना?" पुढे पुढे कुबड्या घेऊन तो आमच्या बिल्डिंगखाली येऊन बसायला लागला. सबमिशनच्या आठवड्यात मित्राने दोन दिवस फोन उचलला नाही, तर निरोप आला, "दादा बोलत नाहीत तोवर मी गोळ्या घेणार नाही."

आता गंमत उरली नव्हती. मित्राचं वर्ष धोक्यात होतं आणि त्या माणसाचा पायही. तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो. त्यातलं कामाचं तेवढं इथे देतो.

मनाचं मशीन कसं चालतं?

आपल्याकडे म्हणतात, बोट दिलं की मनगट धरतात. या म्हणीत समोरचा लोभी आहे असं धरलेलं आहे. पण इथे लोभ नसतो, भीती असते. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने दुसऱ्या महायुद्धानंतर आईपासून तुटलेल्या मुलांचा अभ्यास करून एक सिद्धांत मांडला. घाबरलेलं मूल सुरक्षित वाटणाऱ्या एका ठरावीक माणसाकडे धावतं, आणि ही यंत्रणा मोठेपणीही बंद होत नाही. मरणाच्या भीतीत जो चेहरा पहिल्यांदा दिसला त्याच्याशी "आता मी सुरक्षित आहे" ही भावना जोडली जाऊ शकते. मग भीती पुन्हा वर आली की मन तोच चेहरा मागतं.

दुसरी गोष्ट फ्रॉइडच्या काळातली. व्हिएन्नाचे डॉ. जोसेफ ब्रॉयर १८८० ते १८८२ या काळात बर्था पापेनहाइम नावाच्या तरुणीवर उपचार करत होते. पुस्तकात तिचं नाव बदलून 'अॅना ओ.' केलेलं आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर तिची अवस्था अशी झाली की डॉक्टरांनी भरवलं तरच ती जेवायची, आणि समोर तेच आहेत ना याची खात्री त्यांचे हात चाचपून करायची. ते गावाला गेले की तब्येत ढासळायची. अशा अनुभवांतून फ्रॉइडने पुढे भावनांच्या 'स्थानांतरणा'ची कल्पना मांडली. म्हणजे जुन्या नात्यांतली भूक आजच्या माणसावर येऊन बसते. समोरचा 'दादा' म्हणतो तेव्हा तो तुमच्याशी बोलत असतो आणि त्याला कधी न मिळालेल्या कोणाशी तरीही. ही बर्था पुढे बरी झाली, फ्रँकफर्टमध्ये अनाथाश्रम सांभाळू लागली, १९०४ साली तिने ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली. १९५४ मध्ये पश्चिम जर्मनीने तिचं टपाल तिकीट काढलं. जी दुसऱ्याच्या हाताने जेवत होती, तिने नंतर शेकडो मुलींना सांभाळलं. म्हणजे अशी अवस्था कायमची असतेच असं नाही.

तिसरी गोष्ट आपल्याला सगळ्यात सोपी जाईल. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ च्या पुस्तकात कबुतरांवरचे प्रयोग मांडले आहेत. दाणा ठरलेल्या हिशोबाने न देता कधी पाचव्या, कधी पन्नासाव्या टोचीला दिला, तर पक्षी टोचत राहतो, आणि दाणा बंद झाल्यावरही बराच वेळ थांबत नाही. आता मोबाइल बघा. एकोणीस फोन कट केले आणि वैतागून विसावा उचलला. समोरचा काय शिकला? वीस फोन करावे लागतात! आपल्याला वाटतं आपण टाळतोय, प्रत्यक्षात आपण ट्रेनिंग देतोय.

चौथी गोष्ट आपल्या बाजूची. "तुम्ही नसता तर मी मेलो असतो" हे ऐकायला कोणाला आवडत नाही? स्टीफन कार्पमन यांनी १९६८ मध्ये एक त्रिकोण मांडला: पीडित, तारणहार आणि छळणारा. गंमत अशी की या जागा बदलत राहतात. आज तारणहार असलेला मित्र फोन उचलत नाही म्हणून उद्या छळणारा ठरतो, आणि वीस मिस्ड कॉल बघून परवा स्वतःच पीडित होतो.

उपकाराचं ओझं

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. फेडता न येणारा उपकार माणसाला जड होतो. परत द्यायला हातात काही नसलं की माणूस स्वतःलाच देऊन टाकतो, आपला वेळ, आपली काळजी, आपलं सगळं लक्ष. यावर उत्तर शोधणारी माणसं आपल्या महाराष्ट्रातच झाली.

बाबा आमट्यांनी तुळशीराम नावाच्या कुष्ठरुग्णाला पावसात पडलेलं पाहिलं. आधी ते घाबरून पळाले, मग परत आले आणि त्याच्या मरेपर्यंत त्याची सेवा केली. त्यानंतर वरोऱ्याला जे आनंदवन उभं राहिलं, तिथे मात्र त्यांनी नुसती सेवा ठेवली नाही. दानाने माणूस मोडतो, कामाने घडतो, ही तिथली शिकवण. कुष्ठरोग्यांनीच विहिरी खणल्या, शेती केली, घरं बांधली. ज्याला देता येतं तो आश्रित राहत नाही. १९८५ साली बाबांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरं उदाहरण डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांचं. १९८८ च्या सुमारास मुंबईत त्यांना एक तरुण रस्त्याकडेच्या गटारातलं पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला आपल्या दवाखान्यात आणलं. बरा झाल्यावर कळलं की तो आंध्रातला पदवीधर आहे. त्यातून 'श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन' उभं राहिलं, पुढे २००६ मध्ये कर्जतला केंद्र झालं. रस्त्यावरच्या मनोरुग्णाला उचलायचं, बरं करायचं आणि त्याच्या घरी पोचवायचं. २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे मिळाला तोवर सात हजारांहून जास्त माणसं अशी घरी गेली होती. ही मदत त्याला घरी पोचवून संपते, म्हणून माणूस डॉक्टरांना चिकटून राहत नाही.

मग करायचं काय?

सिव्हिलवाल्यांना हे लगेच कळेल. स्लॅब टाकल्यावर खालचे टेकू लगेच काढत नाहीत. आय. एस. ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा दिवस. लवकर काढले तर स्लॅब कोसळतो, काढलेच नाहीत तर त्या खोलीत राहता येत नाही. मदतीचंही तसंच आहे.

१. पहिल्या दिवसापासून एकटे राहू नका. दोघे-तिघे आलटून पालटून जा. सगळा लोड एकाच खांबावर देऊ नये, हे आपण शिकतोच.

२. भेटीची वेळ ठरवा आणि पाळा. "रोज संध्याकाळी सात वाजता दहा मिनिटं." मधले फोन उचलायचे नाहीत, पण सातचा चुकवायचा नाही. मग हळूहळू एक दिवसाआड, मग आठवड्याला.

३. अचानक गायब होऊ नका. नंबर ब्लॉक केला की भीती दुप्पट होते. आधी फोन वाढतात आणि मगच कमी होतात, ते दिवस धीराने काढावे लागतात.

४. त्याची माणसं शोधा. गावचा सरपंच, चुलतभाऊ, ठेकेदार, कोणीही.

५. त्याला परतफेड करू द्या. पैशात नको, त्याच्या हुनरात.

६. जीव देण्याची भाषा, पाठलाग, धमकी असं काही आलं तर हे आपलं काम नाही. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे, तातडीला ११२ आहे. मुलींनी तर अजिबात संकोच करू नये. "बिचारा आजारी होता" म्हणून पाठलाग माफ होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार तो गुन्हा आहे.

आणखी एक. २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १३४ अ यामुळे अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव-पत्ता देण्याची सक्तीही कोणी करू शकत नाही. म्हणजे मदत करूनही अनोळखी राहण्याचा हक्क आपल्याला आहे.

आमच्या भाऊंचं काय झालं? भोसरीत त्यांचा एक मावसभाऊ निघाला, त्याच्या खोलीवर ते राहायला गेले. सातच्या दहा मिनिटांवर आधी रुसवे-फुगवे झाले, मग सवय झाली. आणि आमच्या प्रोजेक्टचा एक शाफ्ट तीनदा रिजेक्ट झाला होता, तो लेथवर कसा धरायचा हे त्यांनी काठी टेकून उभं राहून आम्हाला शिकवलं. त्या दिवशी ते पहिल्यांदा माझ्या मित्राला "दादा" न म्हणता "अरे, नीट बघ ना!" म्हणून ओरडले. आम्हाला फार बरं वाटलं. दोघं बरोबरीला आले होते.

तेव्हा मित्रांनो, रस्त्यावर कोणी पडलेला दिसला तर गाडी जरूर थांबवा. हा लेख वाचून कोणी पुढे निघून गेला तर माझं लिहिणं वाया गेलं असं मी समजेन. फक्त उचलताना एवढं लक्षात ठेवा, त्याला त्याच्या पायावर उभं करायचंय, आपल्या खांद्यावर नाही.