कच्च्या घोड्याला आकडा कसा द्यायचा? हँडिकॅप, डर्बी आणि थोडक्या डेटाचा प्रश्न

आम्हा केळशीकरांना 'महालक्ष्मी' म्हटलं की गावातलं देऊळ आठवतं. मुंबईत हाच शब्द उच्चारला की काही जण देवळाचा रस्ता दाखवतात आणि काही जण रेसकोर्सचा. आजचा लेख रेसकोर्सबद्दल आहे. पैसे कशावर लावायचे हे इथे मिळणार नाही. पण रिसर्चला लागल्यावर डेटामध्ये जे खड्डे भेटतात, त्यातले बरेच घोड्यांच्या रेटिंगमध्ये अगदी उघडे दिसतात, म्हणून हा विषय घेतला.

प्रश्न साधा आहे. ज्याची वाढ अजून संपलेली नाही आणि जो आयुष्यात दोन-तीनदाच पळाला आहे, त्याच्या कुवतीला आकडा कसा द्यायचा?

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. 'हँडिकॅपिंग' हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. अमेरिकेत बऱ्याचदा त्याचा अर्थ 'कोण जिंकेल याचा अंदाज बांधणं' असा होतो. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये मूळ अर्थ वेगळा आहे: चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवून सगळ्यांना एका पातळीवर आणणं. आपण हा दुसरा अर्थ घेणार आहोत.

दोन शर्यती, दोन उलटे हेतू

मुंबई आणि पुण्याच्या शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब चालवतो. तिथे प्रत्येक घोड्याला रेटिंग असतं आणि त्यावरून त्याचा वर्ग ठरतो. पाचवा वर्ग १ ते २६, चौथा २० ते ४६, तिसरा ४० ते ६६, दुसरा ६० ते ८६ आणि पहिला ८० च्या वर. रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो वजन. म्हणजे चौथ्या वर्गात ४६ वाला आणि २० वाला एकत्र पळाले, तर पहिल्याच्या पाठीवर १३ किलो जास्त असतात. जॉकीचं वजन कमी पडलं तर खोगिराबरोबर शिशाचे तुकडे देऊन ते भरून काढतात.

वर्ग एकमेकांवर थोडे चढलेले आहेत हे लक्षात आलं का? ४३ रेटिंगचा घोडा चौथ्या वर्गात जड वजन घेऊन पळू शकतो, किंवा तिसऱ्या वर्गात हलकं वजन घेऊन. ४२ आणि ४४ यांत फरक आहे असं छातीठोकपणे सांगता येत नाही, हे या रचनेतच मान्य केलेलं आहे. आपल्या कट-ऑफमध्ये ही सोय नसते. त्याबद्दल पुढे बोलू.

हँडिकॅप शर्यतीचा आदर्श असा, की सगळे घोडे एकाच वेळी रेषा ओलांडतील. हँडिकॅपरचं काम जितकं चोख, तितका निकाल आधी सांगणं अवघड.

डर्बीचं याच्या नेमकं उलट असतं. इंडियन डर्बी १९४३ पासून होते. महालक्ष्मीला, फेब्रुवारीत, २४०० मीटर, चार वर्षांच्या घोड्यांसाठी. इथे सगळे नर सारखंच वजन घेतात, माद्यांना थोडी सूट मिळते आणि रेटिंगप्रमाणे वजन चढत नाही. कारण इथे फरक पुसायचा नसून शोधायचा आहे: या पिढीतला सर्वांत चांगला कोण?

मोजमाप एकच, पण एकीकडे ते फरक मिटवायला वापरतात आणि दुसरीकडे निवड करायला. तुमचा स्केल, स्कोअर किंवा इंडेक्स कुठल्या कामासाठी आहे, हे सिनॉप्सिस लिहितानाच ठरवा. एका कामासाठी बनवलेला आकडा दुसऱ्या कामाला लावला की गडबड सुरू होते.

आकडा येतो कुठून?

समजा 'अ' आणि 'ब' यांनी सारखंच वजन घेतलं आणि मैलाच्या शर्यतीत 'अ'ने 'ब'ला तीन लांबींनी हरवलं. लांबी म्हणजे एका घोड्याच्या शरीराची लांबी. मैलाला एक लांबी म्हणजे अंदाजे एक किलो असं ढोबळ समीकरण धरू. मग तीन लांबी म्हणजे तीन किलो, म्हणजेच सहा पॉइंट. 'ब' ४० वर असेल तर 'अ' ४६ वर. 'अ'च्या पाठीवर दोन किलो जास्त असते तर हाच फरक पाच किलोंचा, म्हणजे दहा पॉइंटांचा झाला असता. अंतर कमी तर एका लांबीची किंमत जास्त, अंतर जास्त तर किंमत कमी.

गणित सोपं आहे. अडचण 'ब ४० वर असेल तर' या शब्दांत आहे. मुरलेल्या घोड्यांत कोणाचं तरी रेटिंग पक्कं असतं, त्याला धरून बाकीच्यांचं ठरवता येतं. दोन वर्षांच्या नवख्या घोड्यांच्या शर्यतीत सगळेच नवे. कोण कोणाच्या किती पुढे हे कळतं, पण ती अख्खी टोळी कुठल्या उंचीवर उभी आहे हे कळत नाही. लॅबमध्ये स्टँडर्डशिवाय सॅम्पल चालवावं तसं हे आहे. म्हणून हँडिकॅपर बाहेरचा आधार शोधतो: त्याच शर्यतीचे मागच्या वर्षांचे विजेते पुढे कुठवर गेले, वेळ किती लागली, त्या दिवशी ट्रॅक कसा होता. आपण याला कॅलिब्रेशन म्हणतो.

सगळ्यांचा वाढदिवस १ जानेवारी

तरुण घोड्यांमध्ये आणखी एक गोष्ट मोजमापात घुसते, ती म्हणजे वय. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अॅडमिरल हेन्री राऊस यांनी वयानुसार वजनाचा तक्ता बसवला. लहान घोडा मोठ्यांबरोबर पळाला तर त्याला किती सूट द्यायची, हे त्यात महिन्यानुसार आणि अंतरानुसार ठरतं. वर्ष पुढे सरकतं तशी सूट कमी होते, अंतर वाढतं तशी ती वाढते. ब्रिटनमध्ये हा तक्ता सुधारणा होत होत आजही वापरात आहे. वाढीचा वक्र डेटात धरायचा असतो, ही गोष्ट राऊसना संगणकाशिवाय कळली होती.

पण हा तक्ता कागदावरच्या वयावर चालतो. उत्तर गोलार्धात शर्यतीच्या घोड्याचं वय १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीत जन्मलेलं शिंगरू आणि मेमध्ये जन्मलेलं शिंगरू कागदावर एकाच वयाचे. दोन वर्षांच्या घोड्यात चार महिन्यांचा फरक म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा. आधी जन्मलेला पुढे दिसला तर तो गुण त्याचा की कॅलेंडरचा? कॅनडातल्या आइस हॉकीवर रॉजर बार्न्सली यांनी १९८० च्या दशकात हेच दाखवलं: वरच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं प्रमाणाबाहेर जास्त होती. याला रिलेटिव्ह एज इफेक्ट म्हणतात. शाळेच्या मुलांवर काम करणाऱ्यांनी जन्ममहिना नोंदवायला विसरू नये, तो याचसाठी.

आता डर्बीचा हिशोब करून बघा. केंटकी डर्बी मेच्या सुरुवातीला, तीन वर्षांच्या घोड्यांची. जानेवारी ते मे या काळात जन्मलेले घोडे तेव्हा साधारण ३६ ते ४० महिन्यांचे असतात. इंग्लंडमधली एप्सम डर्बी जूनमध्ये, म्हणजे ३७ ते ४१ महिने. इंडियन डर्बीला हेच घोडे ४५ ते ४९ महिन्यांचे असतात. आपल्या डर्बीत घोडा आठ-नऊ महिने जास्त पिकलेला असतो. 'डर्बी विजेता' हा शब्द एकच असला तरी मोजली जाणारी गोष्ट तंतोतंत एक नाही. दोन देशांचा डेटा एका तक्त्यात टाकण्याआधी असा हिशोब करायची सवय लावून घ्या.

एका धावेवर किती विश्वास ठेवायचा?

कोकणात हापूसचं कलम लावल्यावर पहिली काही वर्षं मोहर आला तरी काढून टाकतात, झाड आधी वाढू द्यायचं म्हणून. आणि हापूस एक वर्ष भरभरून येतो, पुढच्या वर्षी हात आखडता घेतो. एका बहारावरून झाडाची किंमत करणाऱ्याला बागायतदार हसेल. घोड्याच्या एका धावेचंही तेच.

आकड्यांत बघू. हे आकडे उदाहरणापुरते माझे आहेत. समजा नवख्या घोड्यांची सरासरी कुवत ४० आणि त्यांच्यातला खरा फरक (स्टँडर्ड डेव्हिएशन) १०. एका धावेतला योगायोग, म्हणजे वाईट सुरुवात, ओला ट्रॅक, जॉकीची चूक, हाही १० चा. एका घोड्याने पहिल्या धावेत ६० ची कामगिरी केली. त्याचं रेटिंग किती धरावं? ६० नव्हे. खरा फरक आणि योगायोग सारखेच असल्यामुळे निम्मा विश्वास धावेवर, निम्मा सरासरीवर: ५०. चार धावांची सरासरी ६० आली तर धावांवरचा विश्वास ८० टक्के, उत्तर ५६. नऊ धावांनंतर ५८.

सूत्र असं: धावांची संख्या भागिले धावांची संख्या अधिक एक. इथे 'एक' आला तो दोन्ही फरक सारखे धरल्यामुळे. योगायोग जास्त असेल तर तो आकडा मोठा होतो आणि विश्वास हळूहळू वाढतो. याला श्रिंकेज म्हणतात. गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीत जे 'सरासरीकडे परतणं' दाखवलं, त्याचीच ही दुसरी बाजू. पहिल्या शर्यतीत चमकलेला घोडा पुढे फिका पडतो तेव्हा तो बिघडलाच असेल असं नाही. पहिला आकडाच फुगलेला असू शकतो. पायलट स्टडीत मोठा इफेक्ट दिसला म्हणून नाचू नका, त्याचं कारणही हेच.

जास्त वजन घेतलं तर घोडा जास्त जिंकतो?

आता माझा आवडता खड्डा. ब्रिटनच्या हँडिकॅप शर्यतींच्या नोंदींत असं दिसत आलंय, की वरचं वजन घेणारे घोडे खालच्या वजनाच्या घोड्यांपेक्षा जास्त वेळा जिंकतात. कोणी सरळ रिग्रेशन चालवलं तर निष्कर्ष निघेल: वजन वाढवा, घोडा जिंकेल!

हे चुकीचं आहे हे तुम्हाला लगेच कळतं, कारण वजन का चढवलं हे तुम्हाला माहीत आहे. घोडा चांगला होता म्हणून. वजनाने तो मंदावलाच, फक्त त्याचा चांगुलपणा पुरेसा पुसला गेला नाही.

आता घोड्याच्या जागी रुग्ण ठेवा आणि वजनाच्या जागी औषध. ज्यांना जास्त औषधं दिली ते जास्त दगावले, म्हणून औषधं घातक? की आजार गंभीर होता म्हणून औषधं जास्त दिली? याला कन्फाउंडिंग बाय इंडिकेशन म्हणतात. शिकवणी लावलेल्या मुलांचे गुण, खत जास्त घातलेल्या शेताचं उत्पन्न, सगळीकडे हे येतं. उपचार कोणाला आणि का मिळाला हे ठरवणारी व्यक्ती डेटात दिसत नसते, पण तिचा हात प्रत्येक ओळीवर फिरलेला असतो. त्या व्यक्तीला भेटा, निदान तिचे नियम वाचा.

मोठ्या शर्यतीत जागा कोणाला?

केंटकी डर्बीत जास्तीत जास्त २० घोडे. दावेदार त्याहून जास्त. पूर्वी ठरावीक दर्जाच्या शर्यतींत मिळवलेल्या बक्षिसाच्या रकमेवरून क्रम लागायचा. त्यामुळे दोन वर्षांच्या वयात एखादी श्रीमंत, कमी अंतराची शर्यत मारलेला घोडाही आत यायचा, जरी डर्बीच्या सव्वा मैलाशी त्या धावेचा फारसा संबंध नसला तरी. २०१३ पासून पॉइंट पद्धत आली. ठरावीक शर्यतींनाच पॉइंट, आणि डर्बी जवळ येते तसे पॉइंट वाढत जातात. म्हणजे जुन्या धावेपेक्षा ताज्या धावेला वजन जास्त. वाढत्या वयाच्या घोड्यासाठी हे शहाणपणाचं आहे.

पण नियम बदलला की घोडेवाल्यांचं वागणंही बदलतं. पॉइंट जिथे, तिथे घोडा. हँडिकॅपमध्ये उलटी लबाडी होऊ शकते: नवख्या घोड्याला न मानवणाऱ्या अंतरावर पळवायचं, रेटिंग खाली ठेवायचं आणि मग हलक्या वजनात शर्यत मारायची. म्हणून प्रत्येक घोडा त्याच्या पूर्ण कुवतीने पळाला पाहिजे असा नियम असतो आणि स्टुअर्ड त्यावर नजर ठेवतात. मोजमापच ध्येय झालं की ते चांगलं मोजमाप राहत नाही, हा गुडहार्टचा नियम तो हाच.

हे तुमच्या-माझ्याजवळ येतं ते नेटच्या निमित्ताने. २०२४ पासून पीएचडीच्या प्रवेशासाठी नेटचे गुण धरता येतात. जेआरएफ नसलेल्यांसाठी ७० टक्के वजन नेटच्या गुणांना आणि ३० टक्के मुलाखतीला. एका दिवसाची एक परीक्षा म्हणजे एक धाव. कट-ऑफच्या अर्धा गुण वर आणि अर्धा गुण खाली असलेल्या दोघांच्या कुवतीत फरक आहे, असं त्या एका धावेवरून म्हणता येत नाही. जागा मोजक्या आहेत, रेषा कुठेतरी ओढावी लागणारच. पण रेषेच्या खाली राहिलेल्याने 'माझी कुवत नाही' असा निष्कर्ष काढणं ही संख्याशास्त्रीय चूक आहे. ती स्वतःच्या बाबतीतही करू नका.

तुमच्या डेटाला विचारायचे चार प्रश्न

१. हा आकडा निवडीसाठी आहे की फरक मिटवण्यासाठी?

२. तो किती धावांवर उभा आहे आणि एका धावेत योगायोग किती?

३. मोजत असतानाच ती गोष्ट वाढते आहे का? तसं असेल तर खरं वय नोंदवलं आहे का?

४. 'वजन' कोणी चढवलं आणि काय बघून?

तुमच्या विषयातलं एक मोजमाप घ्या आणि या चार प्रश्नांची उत्तरं एका पानात लिहून काढा. गाइडकडे पहिल्यांदा जाल तेव्हा ते पान बरोबर असू द्या. पुढच्या लेखात श्रिंकेजचं सूत्र कुठून येतं ते पायरीपायरीने करू, वही-पेन घेऊन बसा.