डोहाळजेवणाचं ताट आणि रोजचं ताट

परवा आमच्या युसूफ वडगावात शेजारच्या सुनेचं डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, ताटात पुरणपोळी, भजी, कुरडया. ओटी भरताना तिचा हात हातात घेतला, तर नखं पांढरीफटक. विचारलं, "नीट जेवतेस ना गं?" तर म्हणाली, "जेवते की काकू. सगळ्यांचं झालं की."

या 'सगळ्यांचं झालं की'मध्येच सगळी गोम आहे, मैत्रिणींनो. शेवटी बसणारीच्या वाट्याला भाकरी न् ठेचाच उरतो. अंगणवाडीतून तिच्या नावानं आलेला आहारही घरभर वाटला जातो. वर आपणच सांगतो, "जास्त खाऊ नको, बाळ मोठं होईल, अडशील." पण रक्त कमी असलं, तर कमी वजनाचं बाळ आणि बाळंतपणातला धोका, दोन्ही वाढतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं, की समजावं, गोष्ट साधी नाही.

पण दोष एकट्या सासूचा कसा म्हणू? बीड जिल्ह्यातली हजारो जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. उचल आधीच घेतलेली. बाई घरी राहिली तर कोयता अर्धा होतो, खाडा पडला तर पैसे कापतात. सातव्या-आठव्या महिन्यातही मोळी उचलावी लागते. तिथं कुठलं दूध न् कुठल्या पालेभाज्या?

तरी हातात आहे तेवढं करू या. गावातून निघताना तपासणीचं कार्ड आणि लोहाच्या गोळ्या सोबत द्या. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा निदान १८० दिवस घ्यायच्या असतात. गोळी चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत चालते. बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, शेंगदाणे, गूळ आपल्या घरातलंच आहे. पहिलटकरणीला पंतप्रधान मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळू शकतात. आशाताईंना विचारून नाव नोंदवा.

हे सगळं तिच्या सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आम्हाला कुणी वाढलं होतं?"

खरंय, कुणीच नव्हतं वाढलं. मलाही नाही. म्हणूनच आज रात्री पहिलं ताट सुनेचं वाढा. डोहाळजेवण एकाच दिवसाचं कशाला?