पत्र आणि पत

सांगलीच्या हळदपेठेतील शाखेत माझी नेमणूक होती, त्या काळातील ही गोष्ट. आमचे एक जुने खातेदार, पेठेतील वयोवृद्ध अडत व्यापारी, एका सकाळी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. "साहेब, काल आमचा चेक परत गेला. शेतकऱ्याला दिलेला चेक. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं," एवढेच ते बोलले. त्यांच्या हातात घडी घातलेले एक पत्र होते. महिन्यापूर्वी ते मीच सही करून पाठविले होते.

पत्र इंग्रजीत होते. आपले खाते अनियमित झाले असून ते त्वरित नियमित करावे, अन्यथा बँकेला योग्य ती कार्यवाही करणे भाग पडेल, असा त्याचा आशय. 'नियमित करावे' यासाठी मी बँकेच्या प्रथेप्रमाणे 'यू आर ॲडव्हाइज्ड' असे शब्द योजले होते. अण्णांच्या पुतण्याने त्याचा सरळ अर्थ लावला, की बँकेने सल्ला दिला आहे. सल्ला मानायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. ऐन हंगाम होता. तो उरकल्यावर पाहू, असे म्हणून पत्र गल्ल्यात ठेवले गेले. प्रत्यक्षात मला सांगायचे होते ते इतकेच, की मालसाठ्याचे मासिक पत्रक आणि विम्याची नूतनीकरण झालेली पॉलिसी आलेली नाही. ती १० तारखेपर्यंत न आल्यास खात्यावरील चेक वटणार नाहीत. पत्रक, पॉलिसी, तारीख आणि चेक या चार शब्दांपैकी एकही माझ्या पत्रात नव्हता.

दोन दिवसांत कागदपत्रे पूर्ण झाली आणि खाते सुरळीत झाले. परंतु पेठेत एकदा परत गेलेल्या चेकची चर्चा दोन दिवसांत थांबत नाही. व्यापाऱ्याची पत ज्या एका पत्राने डळमळली, ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. पत्राची भाषा बरोबर असणे आणि पत्राने आपले काम करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा मला त्या दिवशी मिळाला.

निवृत्तीनंतर मी दर रविवारी, पाठशाळा सुटल्यावर, मंदिराच्या सभागृहात इंग्रजी व्यापारी पत्रलेखनाचा वर्ग घेतो. पेढीवर बसणारी मुले, घरच्या व्यवसायाचे हिशेब सांभाळणाऱ्या सुना आणि साठीला आलेले एक-दोन व्यापारीही त्यात असतात. सर्वांनी शाळेत इंग्रजी शिकलेले आहे. काही वाणिज्य पदवीधर आहेत. तरीही कोरा कागद समोर आला की लेखणी अडते. दुसरीकडे गरज तर वाढतच आहे. यंत्राचे सुटे भाग कोइमतूरहून येतात, विमा कंपनीचे मुख्य कार्यालय परराज्यात असते, माल दुबईला जातो. या सर्वांशी व्यवहार इंग्रजीतूनच होतो.

वर्गाच्या पहिल्या दिवशी मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपले पत्र वाचणारा बहुधा इंग्रज नसतो. कोइमतूरचा कारखानदार तमिळ बोलतो, दुबईचा खरेदीदार अरबी किंवा मल्याळी. त्यानेही आपल्याप्रमाणेच इंग्रजी शिकून घेतलेले असते. तेव्हा आलंकारिक इंग्रजीने त्याच्यावर छाप पडण्यापेक्षा त्याचा गोंधळ होण्याचा संभव अधिक. हे ऐकले की निम्मी भीती तिथेच ओसरते.

पूर्वजांची लेखणी

नेमके लिहिणे ही काही आपल्याला परकी कला नाही. आपल्या पणजोबांच्या काळातील हुंडी आठवून पाहावी. तीत रक्कम केवळ आकड्यात लिहून भागत नसे. ती अक्षरी लिहीत, शिवाय तिची निमपट लिहून 'त्याची दुप्पट' असेही नोंदवीत. आकड्यापुढे कोणी एक शून्य वाढविले तरी निमपट त्याची लबाडी उघडी पाडत असे. हुंडी गहाळ झाली तर पेठ, तीही गहाळ झाली तर परपेठ, अशी व्यवस्था होती. कोणी, कोणाला, किती आणि केव्हा द्यायचे, याविषयी संशयाला जागा राहू नये, हेच त्या लेखनाचे सूत्र होते. त्या घराण्यांचे वारस आज 'काइंडली डू द नीडफुल' असे लिहून पत्र संपवितात. 'योग्य ते करावे' म्हणजे नेमके काय करावे, हे मात्र वाचणाऱ्याने ओळखायचे!

मराठी मनातून इंग्रजी कागदावर

शिकविताना माझ्या ध्यानात आले, की स्पेलिंगच्या चुकांनी व्यवहार सहसा बिघडत नाही. तो बिघडतो मराठीची वळणे नकळत इंग्रजीत उतरल्याने.

'पर्यंत' हा शब्द घ्या. 'शुक्रवारपर्यंत पैसे पाठवा' आणि 'शुक्रवारपर्यंत दुकान बंद आहे' या दोन्ही वाक्यांत आपण एकच शब्द वापरतो. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी 'बाय' लागतो, दुसऱ्या ठिकाणी 'टिल'. विद्यार्थी दोन्हीकडे 'टिल' लिहितात आणि मुदतीचा अर्थच धूसर होतो.

'उद्या माल पाठवतो' असे आपण सहज म्हणतो. वर्तमानकाळाचे रूप असले तरी अर्थ भविष्याचा असतो. इंग्रजीत त्याचे 'वी सेंड' झाले, की समोरच्याला वाटते, हा आपल्या नेहमीच्या पद्धतीविषयी सांगत आहे. वचन द्यायचे असेल तर 'वी विल सेंड' लिहून पुढे तारीख घालावी.

आपला नम्रपणाही इंग्रजीत वेश पालटतो. 'सदर माल परत घ्यावा' हे मराठीत अदबीचे वाक्य आहे. 'यू शुड टेक बॅक द गुड्स' असे त्याचे भाषांतर केले, की ते दटावणीसारखे वाचले जाते. याउलट 'आपण' या आदरार्थी शब्दाला इंग्रजीत जोड नाही, म्हणून ती उणीव भरून काढण्यासाठी विद्यार्थी 'रिस्पेक्टेड', 'हंबली', 'काइंडली' यांची रास रचतात. विनंतीला एक 'प्लीज' पुरेसा असतो.

तारखांचे तर विचारूच नका. 'परवा' हा शब्द आपल्याकडे मागेही जातो आणि पुढेही. ०५/०६ असे लिहिल्यास आपण ५ जून समजतो, तर अमेरिकेतील खरेदीदार ६ मे. म्हणून महिन्याचे नाव अक्षरात लिहावे. परदेशी पत्रात लाख-कोटीही टाळावेत. रक्कम पूर्ण आकड्यात आणि अक्षरात द्यावी.

शब्दाची किंमत

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे विद्यार्थी विचारतात. त्यासाठी मी त्यांना निर्यातीच्या पतपत्राचे, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटचे उदाहरण देतो. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचे यूसीपी ६०० हे नियम १ जुलै २००७ पासून लागू आहेत. या व्यवहारात बँका कागदपत्रे तपासतात. माल उघडून पाहत नाहीत. या नियमांप्रमाणे 'प्रॉम्प्ट', 'इमिजिएटली', 'ॲज सून ॲज पॉसिबल' हे शब्द पतपत्राच्या अटींत आले तर ते विचारातच घेतले जात नाहीत. आपण पत्रांत सर्वांत अधिक वापरतो ते हेच शब्द! उलट, 'ऑन ऑर अबाउट' असे लिहून तारीख दिली, तर तिच्या पाच दिवस आधीपासून पाच दिवस नंतरपर्यंत इतका निश्चित अर्थ होतो. रकमेपूर्वी किंवा मालाच्या परिमाणापूर्वी 'अबाउट' लिहिले, तर दहा टक्के कमी-अधिक चालते. एका शब्दावर दहा टक्के अवलंबून असतात, हे व्यापाऱ्याच्या मुलाला लगेच कळते.

देशातील व्यवहारांतही हेच आहे. उधारीवर विकलेल्या मालाच्या वसुलीसाठी दावा करण्याची मुदत सामान्यतः ३ वर्षांची. ती संपण्यापूर्वी देणेकऱ्याने थकबाकी मान्य असल्याचे सहीनिशी लिहून दिले, तर १९६३ च्या मुदत कायद्यातील कलम १८ प्रमाणे त्या सहीपासून मुदत नव्याने मोजली जाते. फोनवरील शंभर आश्वासने जे करू शकत नाहीत, ते चार ओळींचे पत्र करते.

सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला असेल तर २००६ च्या कायद्याप्रमाणे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत पैसे चुकते करावे लागतात. मालाविषयी तक्रार असल्यास ती माल मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी कळविलेली असावी. 'मी तेव्हाच फोन केला होता' हे तिथे उपयोगी पडत नाही. अशा वेळी दोष, बिलाचा क्रमांक आणि माल मिळाल्याची तारीख सांगणारे साधे पत्र वा ईमेल व्यापाऱ्याच्या बाजूने उभे राहते.

चार प्रश्न

माझी शिकविण्याची पद्धत अगदी साधी आहे. लेखणी हाती घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने चार प्रश्नांची उत्तरे मराठीत, तोंडी द्यायची. कोणत्या व्यवहाराविषयी लिहीत आहात? काय घडले? समोरच्याने काय करावे असे वाटते? केव्हापर्यंत? ज्याला हे मराठीत सांगता येत नाही, त्याला ते इंग्रजीतही लिहिता येणार नाही. बहुतेक वेळा अडचण इंग्रजीची नसतेच. आपल्याला नेमके काय हवे, हेच ठरलेले नसते.

मग प्रत्येक उत्तराचे एक इंग्रजी वाक्य करायचे. विषयाच्या ओळीत बिलाचा क्रमांक आणि तारीख. एका पत्रात एकच मागणी. वाक्य पंधरा शब्दांच्या आत. लिहून झाल्यावर पत्र शेजाऱ्याला द्यायचे आणि आपल्याला काय करायला सांगितले आहे, ते त्याने मराठीत सांगायचे. त्याचे उत्तर चुकले तर चूक लिहिणाऱ्याची, वाचणाऱ्याची नव्हे. या एका नियमामुळे वर्गात बरेच हसू होते आणि बरीच पत्रे पुन्हा लिहिली जातात.

आता मोबाइलमधील यंत्र क्षणात सफाईदार पत्र लिहून देते, मग शिकायचे कशाला, असेही मुले विचारतात. यंत्राची मदत अवश्य घ्यावी. मात्र तेच चार प्रश्न त्यालाही लावावेत. एका विद्यार्थ्याने असे तयार करून आणलेले पत्र आम्ही वर्गात वाचले. माल वाहतुकीत भिजला होता, दोष वाहतूकदाराचा होता आणि पत्रात मात्र 'आमच्याकडून झालेल्या चुकीबद्दल' सुंदर शब्दांत दिलगिरी व्यक्त केलेली होती! सही आपली असते, म्हणून प्रत्येक शब्दही आपलाच ठरतो.

आपल्या परंपरेत तर लिहिण्याला व्रताचे अधिष्ठान आहे. तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटे लिखाण करणे, हा एक आहे. मागील तारीख घालून लिहिलेले पत्र किंवा न आलेल्या मालाची दिलेली पोच हे त्याचेच प्रकार. भाषासमितीची हित, मित आणि प्रिय बोलण्याची शिकवण पत्रालाही तितकीच लागू पडते. हेतुपुरस्सर मोघम लिहून समोरच्याला संभ्रमात ठेवणे हे कूटलेखात बसते की नाही, हे विद्वानांनी सांगावे. परंतु ते हिताचे नाही, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

दर वर्षी वर्गाचा पहिला पाठ म्हणून मी अण्णांना पाठविलेले पत्र फळ्यावर लिहितो आणि ते नव्याने लिहायला सांगतो. यंदा एका सूनबाईंनी ते चार वाक्यांत बसविले. दोन कागद आलेले नाहीत. १० तारखेपर्यंत द्यावेत. न आल्यास चेक वटणार नाहीत. अडचण असल्यास मला भेटावे. मग त्यांनी विचारले, "काका, इतकं सोपं होतं, तर तुम्ही तेव्हा असं का नाही लिहिलंत?"

मी खरे ते सांगितले. ते पत्र मी अण्णांसाठी लिहिलेच नव्हते. उद्या वरिष्ठांनी विचारले तर दाखविता यावे, म्हणून फाइलसाठी लिहिले होते. त्या वर्षीच्या क्षमावणीला मी अण्णांच्या पेढीवर गेलो होतो. त्यांनी हात धरून शेजारी बसविले, चहा मागविला आणि म्हणाले, "साहेब, पुढच्या वेळी काही असलं तर मराठीत एक ओळ खाली लिहा."

चातुर्मासात गावोगावी शिबिरे होतात, पाठशाळा भरतात. त्यांतला आठवड्याचा एक तास पत्रलेखनाला द्यावा, अशी वाचकांना विनंती आहे. शिकवायला निवृत्त बँक कर्मचारी, शिक्षक, करसल्लागार प्रत्येक गावात आहेत. फळा, खडू आणि आपल्या पेढीवरील चार जुनी पत्रे एवढेच साहित्य पुरते.