शाळेचं कुलूप उघडणाऱ्या स्त्रिया

लिटल रॉक म्हटलं की १९५७चा सप्टेंबर आठवतो. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याच्या या राजधानीत नऊ कृष्णवर्णीय मुलं सेंट्रल हायस्कूलमध्ये जायला निघाली, गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी त्यांना अडवायला नॅशनल गार्डचे जवान उभे केले आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना लष्कर पाठवावं लागलं. ती छायाचित्रं जगभर पोचली. त्याच्या पुढचं वर्ष मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्या वर्षी शहरातली चार सरकारी हायस्कूलं बंद होती आणि ती उघडावीत म्हणून तिथल्या स्त्रिया लढत होत्या.

१२ सप्टेंबर १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘कूपर विरुद्ध एरन’ खटल्यात बजावलं, की लोकांचा विरोध आहे एवढ्यावर गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांचं एकत्र शिक्षण लांबवता येणार नाही. त्याच दिवशी फॉबस यांनी शाळा बंद करण्याची मुभा देणाऱ्या कायद्यांवर सह्या केल्या. ३,६६५ विद्यार्थ्यांची शाळा सुटली. शिक्षकांचे करार कायम असल्याने ते रिकाम्या वर्गांत हजेरी लावत राहिले. बहुतेक गोऱ्या मुलांना खासगी शाळा, शेजारचं गाव, परगावचे नातेवाईक असा काही ना काही आधार सापडला. कृष्णवर्णीय मुलांपैकी जवळपास निम्म्यांना कुठेच प्रवेश मिळाला नाही. कुलूप सर्वांसाठी एकच होतं, पण त्याची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही.

१६ सप्टेंबरला ॲडॉल्फिन फ्लेचर टेरी यांच्या घरी ५८ स्त्रिया जमल्या. टेरी तेव्हा ७५ वर्षांच्या होत्या. वडील गृहयुद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले, पती माजी खासदार; म्हणजे शहरात शब्दाला वजन असलेलं घर. व्हिव्हियन ब्रूअर आणि व्हेल्मा पॉवेल या दोघी त्यांच्यासोबत होत्या. शहरातले कर्ते पुरुष गप्प बसले आहेत, तेव्हा आता बायकांनीच पुढे व्हायला हवं, हे टेरी यांचं ठाम मत होतं. ‘विमेन्स इमर्जन्सी कमिटी टु ओपन अवर स्कूल्स’ अशी उभी राहिली.

सुरुवात पराभवाने झाली. २७ सप्टेंबरच्या मतदानात शाळा उघडाव्यात का, एवढा साधा प्रश्न विचारलाच नव्हता. सर्वच शाळांमध्ये एकत्रीकरण हवं की नको, असा कौल मागितला होता. १९,४७० मतं विरोधात पडली, ७,५६१ बाजूने.

तरीही समिती टिकली, कारण तिने कामाची शिस्त लावून घेतली होती. एकीने ठरावीक जणींना फोन करायचा, त्यांनी पुढच्यांना. असा निरोप काही तासांत शहरभर जाई. पुढे सभासदसंख्या दोन हजारांच्या आसपास पोचली. सभासदांची नावं मात्र गुप्त ठेवलेली. धमक्यांचे, शिवीगाळीचे फोन येत आणि नवऱ्याची नोकरी जाण्याची धास्ती खरीच होती.

५ मे १९५९ रोजी शाळा मंडळाच्या बैठकीतून तीन मवाळ सदस्य बाहेर पडले. उरलेल्या तिघा वर्णभेदवाद्यांनी ४४ शिक्षक-कर्मचाऱ्यांना कामावरून काढून टाकलं. ज्या शिक्षकांनी आपल्याला आणि आपल्या मुलांना शिकवलं त्यांच्यावरच घाला आल्यावर शहर खडबडून जागं झालं. त्या तिघांना हटवण्यासाठी व्यापारी, वकील ‘स्टॉप’ नावाच्या मोहिमेत उतरले. पडद्यामागचं राबणं समितीच्या स्त्रियांचं होतं. मतदार याद्या घेऊन आपले कोण, विरोधातले कोण आणि समजावता येतील असे कोण, हे त्यांनी नाव न् नाव तपासलं. २५ मेच्या मतदानात ते तिन्ही वर्णभेदवादी सदस्य थोडक्या मतांच्या फरकाने पदावरून हटवले गेले. जूनमध्ये संघीय न्यायालयाने शाळाबंदीचे कायदे घटनाबाह्य ठरवले आणि १२ ऑगस्टला शाळा उघडल्या.

या विजयाची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. समितीत कृष्णवर्णीय स्त्रियांना प्रवेश नव्हता. जाहीर भूमिकाही जपून घेतलेली: आम्ही एकत्रीकरणाच्या बाजूने नाही, विरोधातही नाही, आम्हाला शाळा हव्यात. ब्रूअर यांच्यासारख्यांना मनातून एकत्रीकरण हवं होतं, पण तसं उघड म्हटलं तर गोरे मतदार दुरावतील हा हिशेब होता. तो कदाचित बरोबरही असेल. पण मे महिन्यात मवाळांना तारलं ते कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या मतांनी. ज्यांना बैठकीत जागा नव्हती, त्यांच्याच मतांवर निवडणूक जिंकली गेली. शाळा उघडल्या तेव्हाही गोऱ्यांच्या शाळांत मोजक्याच कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळाला.

ही उणीव समितीतल्याच काहींना बोचत होती. १९६३मध्ये समिती विसर्जित झाली आणि त्याच वर्षी तिच्या सभासद सेरा मर्फी यांनी लिटल रॉकमध्ये ‘पॅनेल ऑफ अमेरिकन विमेन’ सुरू केलं. ही कल्पना कॅन्सस सिटीच्या एस्थर ब्राउन यांची. व्यासपीठावर कृष्णवर्णीय, ज्यू, कॅथलिक आणि गोरी प्रोटेस्टंट अशा स्त्रिया शेजारी शेजारी बसत. प्रत्येक जण काही मिनिटं फक्त स्वतःबद्दल बोले: आपल्याला कुठे नाकारलं गेलं, आपल्या मुलांना काय ऐकावं लागलं. मग श्रोत्यांचे प्रश्न. चर्चमध्ये, महिला मंडळांत, शाळांत हे कार्यक्रम होत. अनेक गोऱ्या श्रोत्यांनी कृष्णवर्णीय बाईला आपल्या घरात राबताना रोज पाहिलं होतं; व्यासपीठावरून बरोबरीच्या नात्याने बोलताना मात्र कधी ऐकलं नव्हतं.

समितीने सत्तेचं गणित बदललं, पॅनेलने समोरासमोर बसण्याची सवय लावली. मला ही दोन्ही कामं तितकीच मोलाची वाटतात. याद्या आणि मतपेटी यांच्याशिवाय कुलूप निघालं नसतं. पण उघडलेल्या दारातून आत आलेल्या मुलीला कुणी शेजारी बसवून घेईल का, हे निवडणुकीने ठरत नाही. समाजात सलोखा घडवू पाहणाऱ्या प्रत्येक गटाने पहिल्याच बैठकीत स्वतःला विचारावं, की ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत, ते या खोलीत आहेत का? लिटल रॉकच्या स्त्रियांना या प्रश्नापर्यंत यायला पाच वर्षं लागली. त्या तिथवर आल्या, हे त्यांचं मोठेपण. आपण तितका उशीर करण्याचं कारण नाही.