प्राचीन इजिप्तमधील शेणकिडा-मुद्रा आणि कालनिश्चितीचा प्रश्न

प्राचीन इजिप्तच्या राजवंशांचा कालक्रम ठरविताना शेणकिड्याच्या आकाराच्या दगडी मुद्रांचा आधार वारंवार घेतला जातो. हा आधार कितपत भक्कम आहे, याचा विचार येथे केला आहे.

इजिप्तमधील आरंभीच्या मुद्रा दंडगोलाकार होत्या. ती कल्पना मेसोपोटेमियातून आली. दाबून ठसा उमटविण्याच्या गुंडीसारख्या मुद्रा इ.स.पू. २२०० च्या सुमारास रूढ झाल्या आणि त्यांच्यामागोमाग शेणकिडा आला. शेणाचा गोळा लोटीत नेणाऱ्या या कीटकात इजिप्शियनांना सूर्यबिंब ढकलणारा खेप्री देव दिसला. त्यामुळे एकच वस्तू ताईतही ठरली आणि शिक्काही.

या मुद्रा बहुधा शंखजिऱ्याच्या असत. हा दगड नखानेही ओरखडता येतो, पण झिलई देऊन भाजला की कठीण होतो. (सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनीही त्याचा हाच गुण हेरला होता.) तळाच्या सपाट बाजूवर नाव, पद अथवा नक्षी कोरीत, दोरा किंवा अंगठीची तार ओवण्यासाठी आरपार छिद्र ठेवीत.

दाराच्या खुंटीला दोरी गुंडाळून तिच्यावर ओली माती थापावयाची व तीवर मुद्रा दाबावयाची, अशी पद्धत होती. दार उघडताना ती माती फुटे आणि तुकडे तेथेच पडत. अशा तुकड्याच्या मागील बाजूस खुंटी, टोपली किंवा पपायरसची खूण उरते; त्यावरून काय मोहोरबंद केले होते, ते कळते. न्यूबियातील उरोनार्ती किल्ल्यात असे तुकडे विपुल सापडले आहेत.

वास्तविक अभ्यासकाच्या दृष्टीने मुद्रेपेक्षा हा फुटका तुकडाच अधिक मोलाचा. मुद्रा पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते, बाजारात फिरते. तिसऱ्या थुटमोसचे 'मेनखेपेररे' हे नाव तर त्याच्या मृत्यूनंतर शतकानुशतके शुभ म्हणून कोरले जात होते. केवळ नावावरून काळ ठरविणे म्हणूनच धोक्याचे.

एडफू येथील २०१०-११ च्या उत्खननाने हा प्रश्न ऐरणीवर आणला. तेथील एका प्रशासकीय इमारतीत हिक्सॉस राजा खियान याच्या नावाचे चाळीसहून अधिक ठसे आणि तेराव्या राजवंशातील चौथा सोबेकहोतेप याचे नऊ ठसे एकाच संदर्भात मिळाले. रूढ कालक्रमानुसार या दोघांत सुमारे शंभर वर्षांचे अंतर होते. सोबेकहोतेपची मुद्रा त्याच्या पश्चात वापरली गेली असावी, असा आक्षेप काही अभ्यासकांनी घेतला आहे. तो ग्राह्य धरला, तर मातीच्या ठशालाही मुद्रेचाच दोष लागू होतो. अग्राह्य ठरविला, तर खियानला मागे न्यावे लागते आणि हिक्सॉस कालखंडाची मांडणीच बदलते.