माईक, वायर आणि आजीच्या ओव्या

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घाचं आणि माझं फारसं पटत नाही, तेव्हा सांभाळून घ्या!

गेल्या पावसाळ्यात आजी आमच्याकडे नेरूळला आली होती. तिला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येतात, पण त्या कुठेच लिहिलेल्या नाहीत. म्हटलं, रेकॉर्ड करूया. पॉकेटमनी साठवून स्टुडिओत असतो तसा चकचकीत कंडेन्सर माईक घेतला. आजी दोन तास गायली. रात्री हेडफोन लावून ऐकते तर काय... पंख्याची घरघर, खालच्या रिक्षा, कुकरची शिट्टी आणि मधूनमधून फुटाणे भाजल्यासारखी तडतड! आजी म्हणाली, "असू दे गं, परत म्हणीन." पण दुसऱ्या दिवशी तिला त्यातल्या निम्म्या आठवल्याच नाहीत.

मग मी चूक शोधायला बसले. कंडेन्सर माईक म्हणजे अक्षरशः कपॅसिटर. एक पातळ पडदा, त्याच्या मागे स्थिर प्लेट. आवाजाने पडदा हलला की कपॅसिटन्स बदलतो. तिथला इम्पिडन्स प्रचंड असतो, त्यामुळे आत ओलावा बसला की चार्ज गळतो आणि तडतड सुरू होते. जुलैचा महिना, जवळच खाडी, आणि माझा माईक आठवडाभर उघड्या टेबलावर! शिवाय तो इतका संवेदनशील की खोलीतलं सगळंच टिपतो. शांत, कोरड्या खोलीत त्याला तोड नाही, पण आमच्या हॉलला शांत कोण म्हणेल?

याउलट डायनॅमिक माईक. पडद्याला तारेची कॉइल, भोवती मॅग्नेट, बस्स. लाऊडस्पीकर उलटा चालवला असं समजा. बिघडायला आत फार काही नसतंच. शुअर कंपनीचा एसएम 58 हा 1966 साली आला आणि आजही विकला जातो. पडून जाळी चेपली तर जाळी बदला, आतलं कार्ट्रिजसुद्धा वेगळं मिळतं. तो तोंडाजवळ धरावा लागतो, पण म्हणूनच पंखा मागे पडतो. मात्र त्याच्या नकला इतक्या निघतात की स्वस्तात मिळाला तर आनंद मानू नका, संशय घ्या!

आता वायर. हिच्याकडे कोणी बघतच नाही. माईकमधून येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट. एक्सएलआर केबलमध्ये तोच सिग्नल दोन तारांवर उलटसुलट जातो, वाटेतला नॉईज मात्र दोन्हींवर सारखाच बसतो. पुढे वजाबाकी झाली की नॉईज गायब. डिफरन्शियल अँप्लिफायर! (व्हायवाला पाठ केलेला सीएमआरआर हाच हो.) पण सोल्डर सुटलं असेल तर हे सगळं गणित फुकट. घेताना हेडफोन लावून प्लगजवळ वायर हलवून बघा. खरखर आली तर परत ठेवा. माझ्या तडतडीतला थोडा वाटा अशाच एका सुटत आलेल्या जोडाचा निघाला.

गॅदरिंगसाठी स्पीकर बघताना सगळे विचारतात, "किती वॉट?" अहो, 100 चे 200 वॉट केले तरी वाढतात फक्त 3 डेसिबल. त्यापेक्षा एका वॉटला एका मीटरवर किती डेसिबल मिळतात ते वाचा. 91 ऐवजी 97 चा स्पीकर घेतला तर तेवढ्याच आवाजाला चौथा हिस्सा पॉवर पुरते. पीएमपीओ लिहिलेलं असेल तर तो आकडा सरळ विसरा. आणि स्टेजवर शिट्टी वाजू लागली की ऑपरेटरला शिव्या देण्याआधी गाणाऱ्याचा हात बघा. जाळी मुठीत धरली की माईकला मागचंही ऐकू येऊ लागतं, स्पीकरचा आवाज परत आत शिरतो आणि लूप पूर्ण होतो.

बाकी दुरुस्तीचा प्रश्न खरेदीआधीच विचारावा. 1940 पासूनच्या अहुजा कंपनीचे अँप्लिफायर मला काही फार गोड वाटत नाहीत, पण मांडवासाठी मी तेच घेईन, कारण ते उघडून दुरुस्त करणारा माणूस सापडतो. लॅमिंग्टन रोडला गेलात तर दुकानदाराला किंमत विचारण्याआधी "याचे पार्ट मिळतात का?" हे विचारा.

आजी दिवाळीला परत येतेय. मित्राचा डायनॅमिक माईक मागून ठेवलाय, माझा कंडेन्सर सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात गेलाय. दोन तास पंखा बंद ठेवायचा की नाही, यावर बाबांशी अजून वाटाघाटी चालू आहेत.